प्रारब्ध आणि पाठीची जखम

हालचाल थांबलेल्या माणसाची कातडी हाड आणि गादी यांच्या मध्ये सतत दाबली गेली की तेथे जखम होते. वैद्यकात तिला शय्याव्रण किंवा दाबव्रण म्हणतात, वॉर्डात बेडसोर. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, खांद्याची पाती, कोपरे, डोक्याचा मागचा भाग, कानाची पाळी या तिच्या ठरलेल्या जागा. लकवा झालेला म्हातारा, मणक्याला मार बसून कमरेखाली लुळा पडलेला तरुण, खुब्याचे हाड मोडलेली आजी, अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेला रुग्ण, या सगळ्यांना तिचा धोका असतो. इतर दुखण्यांहून ही जखम एका बाबतीत वेगळी आहे. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा बहुतेकदा ती नसते. उपचार चालू असताना, माणसे भोवती असताना, पाठीखाली कोणाला न दिसता ती तयार होते. त्यामुळे ती जितकी वैद्यकाची बाब आहे तितकीच धर्मविचाराचीही आहे. ज्याला स्वतःची कूस बदलता येत नाही त्याच्या पाठीला जखम झाली, तर तो त्याचा भोग समजायचा की भोवतीच्या माणसांचे चुकलेले कर्तव्य?

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, मोताळा तालुक्यात वसलेल्या रोहिणखेडसारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. इतिहासात या गावाचे नाव १४३७ आणि १५९० च्या लढायांमुळे येते, आणि खुदावंतखान महदवीने सोळाव्या शतकात बांधलेल्या मशिदीमुळे. आजचे गाव मात्र शेतीवर जगणाऱ्या हजारो गावांसारखेच आहे. अशा गावातला माणूस झाडावरून किंवा विहिरीत पडतो, किंवा त्याला लकवा होतो, आणि नातेवाईक त्याला बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात नेतात, गरज पडली तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत नेतात. काही दिवसांनी सुट्टी होते आणि पुढचे महिने, कधी वर्षे, घरातल्या बाजेवर जातात. पाठीवर जखम दिसली की कोणीतरी जुनेजाणते म्हणते, भोग आहेत, भोगूनच सरायचे. या बोलण्यात निष्ठुरपणा नसतो. रडणाऱ्या लेकीला आणि थकलेल्या बायकोला त्याने थोडा आधारच मिळतो. पण हा आधार ज्या समजुतीवर उभा आहे ती तपासण्यासारखी आहे.

आधी जखम कशी होते ते पाहिले पाहिजे, कारण विचाराचा सगळा निकाल त्यावर ठरतो. कातडीला रक्त पोहोचवणाऱ्या केशवाहिन्या अतिशय नाजूक असतात. त्यांतला दाब साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, असे मोजमाप १९३० मध्ये झाले. माणसामाणसांत तो कमीजास्त असतो. बाहेरचा दाब त्याहून बराच वाढला आणि तसाच राहिला की रक्त पोहोचणे थांबते व पेशी उपाशी मरू लागतात. निरोगी माणूस झोपेतही याची काळजी घेतो. अंगाखालचा भाग अवघडला की झोप न मोडताच तो कूस बदलतो आणि सकाळी त्याला त्यातले काही आठवतही नाही. मणक्याला मार बसलेल्याला तो अवघडलेपणा जाणवत नाही. लकव्याच्या रुग्णाला जाणवला तरी वळता येत नाही. बेशुद्ध माणसाला तर दोन्ही नाही. त्यात ओली चादर, घाम, लघवी-शौचाचा ओलावा, पलंगाचे डोके जास्त उचलल्याने खाली घसरताना आतल्या आत ताणली जाणारी कातडी आणि पोटात न गेलेले अन्न यांची भर पडते. अनेकदा नुकसान आत, हाडाजवळ सुरू होते. वर फक्त लाली दिसते. ती लाली पाहून कोणी हात हलवला नाही तर काही दिवसांत मांस, आणि शेवटी हाड दिसू लागते.

म्हणजे या जखमेच्या मुळाशी एक न झालेली कृती आहे, कूस बदलण्याची. ती कृती पूर्वी शरीर स्वतः करत होते. आता ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आली आहे.

दैव की दुर्लक्ष हा वाद आपल्याकडेच झाला असे नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे मोठे मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांचे मत असे होते की मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की त्या इजेमुळेच जखमा होतात, आणि काही रुग्णांत तर त्या मरण जवळ आल्याची खूण असतात. मोठ्या माणसाचे मत म्हणून ते टिकले, आणि जे टळणारच नाही त्यासाठी रात्री कोण जागेल? ब्राउन-सेकार यांनी मात्र त्याच शतकात प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते की दाब आणि ओलावा टाळला तर जखम होत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात अशा जखमेचा दोष सामान्यतः रोगाच्या नव्हे, शुश्रूषेच्या माथी मारला. कायमचा निकाल लागायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांच्याकडे मणक्याला मार बसलेले सैनिक आले. अशा माणसांना तोवर जवळजवळ मेलेलेच धरले जाई. गुटमान यांनी त्यांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवण्याचा नियम लावला, मूत्रमार्गाची निगा राखली, आणि हे सैनिक जगू लागले. पुढे ते खेळांच्या मैदानावर उतरले. आजच्या पॅरालिम्पिकचा उगम तेथेच आहे. ज्याला विधिलिखित समजले गेले होते ते लिखित नव्हतेच, हे या तरुणांनी जगून सिद्ध केले.

आता कर्मविचाराकडे. भारतीय परंपरेत साठलेले कर्म ते संचित, त्यातले फळ द्यायला सुरुवात झालेले ते प्रारब्ध आणि आता घडत असलेले ते क्रियमाण, असे तीन भाग मानतात. सुटलेला बाण परत येत नाही तसे प्रारब्ध टळत नाही, असे शास्त्रकार सांगतात. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' असे एक अख्खे प्रकरण लिहिले ते याच पेचाला भिडण्यासाठी: सगळे कर्माने बांधलेले असेल तर माणसाच्या प्रयत्नाला जागा कोठे? कर्मसिद्धान्त जसाच्या तसा मान्य केला तरी बाजेवरच्या माणसाबाबत एवढे स्पष्ट आहे की मणक्याला मार बसणे हे त्याचे प्रारब्ध म्हणता येईल, कारण ते घडून गेले आहे. पाठीवरची जखम अजून घडलेली नाही. ती घडेल की नाही हे पुढच्या दोन तासांत कोणी त्याला वळवते की नाही यावर अवलंबून आहे. ते वळवणे किंवा न वळवणे दुसऱ्या माणसाचे क्रियमाण आहे. दुसऱ्याने न केलेल्या कामाचे फळ पडलेल्या माणसाच्या खात्यावर प्रारब्ध म्हणून मांडणे कर्मसिद्धान्ताच्या स्वतःच्या हिशेबातही बसत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील एक विवेचन येथे फार उपयोगी आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे तेथे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. ही यादी रुग्णाच्या बाजेपाशी लावून पाहावी. अधिष्ठान म्हणजे तो देह, त्याचे वय, त्याचे रक्त, त्याचा मधुमेह. कर्ता म्हणजे शुश्रूषा करणारा. करणे म्हणजे गादी, उशा, कोरडी चादर, साबण, पाणी. चेष्टा म्हणजे वळवणे, पुसणे, भरवणे, पाहणे. या चारही गोष्टी नीट झाल्यावर जे उरते ते पाचव्याचे. दैव नाकारलेले नाही, पण त्याचा नंबर शेवटचा आहे. पहिल्या चारांपैकी काहीच न करता पाचव्याकडे बोट दाखवणे म्हणजे त्या श्लोकाचा क्रमच उलटा करणे.

दुसरा आक्षेप वेदान्ताच्या बाजूने येतो आणि तो अधिक सूक्ष्म आहे. देह नाशिवंत, आत्मा अलिप्त. मग जाणाऱ्या देहाच्या कातडीसाठी एवढा आटापिटा कशाला? हा उपदेश ज्याचा त्याने स्वतःसाठी घ्यायचा असतो. आपल्या देहाबद्दल उदासीन होणे वैराग्य ठरू शकते. दुसऱ्याच्या देहाबद्दल उदासीन होणे ठरत नाही. भुकेल्याला देह मिथ्या असल्याचे सांगून संतांनी कधी परत पाठवले नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने परिचारकाला स्थान दिले, आणि त्याचे चार गुण सांगितले: शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि स्वच्छता. नुसते प्रेम पुरत नाही, कारण प्रेमाने चुकीचे हात लावणारे नातेवाईक पुष्कळ असतात. नुसते ज्ञानही पुरत नाही.

तिसरा प्रश्न उघड कोणी विचारत नाही, पण मनात असतो. जो बरा होणार नाही, बोलणार नाही, ओळखणारही नाही, त्याच्यासाठी रात्र जागण्याचा काय उपयोग? बौद्ध विनयपिटकात याच प्रश्नाची कथा आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता. खुद्द त्या आजाऱ्यानेच बुद्धांना तसे सांगितले. बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून मंचकावर ठेवले, आणि मग संघाला बजावले की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील खेड्यापाड्यांत बुद्धांच्या कथा पोहोचल्या आहेत. ही कथा प्रत्येक रुग्णालयातल्या वॉर्डात सांगितली जावी अशी आहे. उपयोगाचा हिशेब बुद्धांनी खोडून काढला, आणि तो स्वतःच्या हाताने पाणी ओतून.

कुराणातील गुहेची सूरा अनेक मुसलमान घरांत शुक्रवारी वाचली जाते. गुहेत तीनशे नऊ वर्षे झोपलेल्या तरुणांची गोष्ट तीत आहे. झोपेत अल्लाह त्यांना उजवीकडे आणि डावीकडे वळवत होता, असे तेथे सांगितले आहे. जुन्या भाष्यकारांनी त्याचे कारणही दिले आहे: वळवले नसते तर मातीने त्यांची शरीरे खाऊन टाकली असती. म्हणजे कूस बदलून देणे हे काम येथे थेट ईश्वराच्या नावावर आहे. रोहिणखेडच्या मशिदीत नमाज पढणाऱ्याला आणि गावातल्या विठ्ठलभक्ताला या एका कामाचे पावित्र्य वेगळे समजावून सांगावे लागू नये.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी मुंबईच्या केईएम रुग्णालयात लागली. तेथील परिचारिका अरुणा शानभाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या पाशवी हल्ल्यानंतर मेंदूच्या इजेने अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या. मधली सुमारे ४२ वर्षे त्यांना त्या रुग्णालयातील परिचारिकांनी सांभाळले. सुरुवातीला सांभाळणाऱ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या; ज्यांनी अरुणांना कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते अशा मुलींनी त्यांना भरवले, पुसले, वळवले. त्यांच्या अंगावर बेडसोर नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालातही आवर्जून आली. त्या निकालाने विशिष्ट अटींवर निष्क्रिय इच्छामरणाला वाट दिली, आणि अरुणांच्या बाबतीत ते नाकारताना सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या मताला वजन दिले. त्यांना जगवत ठेवणे योग्य होते का, यावर आजही प्रामाणिक मतभेद आहेत आणि असावेत. अखंड कातडी हा जगवत ठेवण्याच्या बाजूचा पुरावा मानू नये. ते दोन प्रश्न वेगळे आहेत. उपचार थांबवायचे ठरले, तरी शेवटच्या श्वासापर्यंत कोरडी चादर आणि हलकी पाठ हा माणसाचा हक्क राहतोच. अखेरच्या दिवसांत फक्त हेतू बदलतो: वळवण्याने त्रास होत असेल तर अंतर वाढवावे आणि आराम हेच माप धरावे.

प्रत्यक्ष काम कसे असते ते एकदा जवळून पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवले की लाल दिसणाऱ्या जागी बोट हलके दाबून उचलायचे. बोट उचलल्यावर जागा क्षणभर फिकी पडली आणि पुन्हा लाल झाली तर रक्त वाहते आहे. फिकी पडलीच नाही तर व्रणाची पहिली पायरी आली. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून शेजारच्या भागाशी तुलना करून ती जागा गरम, थंड, घट्ट किंवा लिबलिबीत लागते का ते हाताने पाहायचे. अशा जागेवर तेल लावून चोळण्याची रीत घरोघर आहे आणि ती घातक आहे, कारण आतल्या दुखावलेल्या पेशी चोळण्याने आणखी फाटतात. भोक असलेली हवेची रिंगही नको. ती कडेने रक्त अडवते. वळवताना काखेत हात घालून ओढायचे नाही. अंगाखाली आडवी घडीची चादर असावी, दोघांनी दोन बाजूंनी ती धरून माणूस उचलून सरकवावा. पूर्ण आडव्या कुशीवर सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी द्यावी आणि टाचा हवेत राहतील असे पाहावे. दर दोन तासांचे अंतर हा सुरुवातीचा नियम. गादी चांगली आणि कातडी निरोगी असेल तर ते वाढवता येते, खुर्चीत बसवलेल्याला मात्र त्याहून लवकर हलवावे लागते. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण तिच्यावर ठेवून विसरले तर तिचाही उपयोग नाही. जेवणात डाळ, दूध, अंडे यांना कात्री लावू नये. आजाऱ्याला पेज पुरते, ही समजूत या बाबतीत नडते.

दुर्लक्ष म्हणून बोट दाखवतानाही तारतम्य हवे. मरणाच्या उंबरठ्यावर कातडी हेही एक निकामी होणारे इंद्रियच असते, आणि सगळे नीट करूनही काही जखमा होतात, हे तज्ज्ञांनी मान्य केले आहे. गीतेतले पाचवे कारण तेथे खरोखर लागू पडते. शिवाय प्रत्येक जखम म्हणजे सिस्टरचे पाप असे ठरवले की जखमा लपवल्या जातात, चादर ओढून घेतली जाते, आणि पहिल्या पायरीवर सापडली असती ती तिसरीवर सापडते. एका रात्रपाळीत एका परिचारिकेकडे वॉर्डभर खाटा असतील तर दर दोन तासांनी प्रत्येकाला वळवणे तिच्या शक्तीबाहेरचे आहे. तेथे कर्ता एकटी ती नसते. तिची नेमणूक न करणारी व्यवस्थाही त्या कर्मात कर्तीच आहे.

घरी हेच ओझे एका बाईवर येते. सून, बायको किंवा लेक. तिला पतिव्रता, पुण्यवान म्हणून गौरवले जाते आणि तिची झोप कोणी मोजत नाही. सेवेला धर्म म्हटल्याने ती एकटीच्या गळ्यात बांधण्याची सोय होत असेल, तर तो धर्माचा गैरवापर आहे. बुद्धांच्या कथेतही उचलणारे दोघे होते. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी आपापल्या पाळीने येतात, आणि तेथील शिस्त सगळा महाराष्ट्र वाखाणतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस, रात्रंदिवस, कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते; ती खाली ठेवायची नसते. त्यासाठी पहारे लावतात, बहुधा दोन-दोन तासांचे, आणि मध्यरात्रीच्या पहाऱ्याला उठायला कोणी कुरकुरत नाही. दर दोन तासांनी न चुकता एक काम पार पाडण्याची विद्या या गावांना शिकवावी लागत नाही, ती त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

म्हणून गावात कोणी अंथरुणाला खिळला की भजनी मंडळाने, मशिदीच्या जमातीने, विहाराच्या मंडळाने त्या घराच्या भिंतीवर पहाऱ्यांचा एक तक्ता लावावा. वेळ, नाव, कोणती कूस, कातडी कशी दिसली, एवढे चार रकाने पुरेत. रात्री बारा ते पहाटे चार हे दोन पहारे घराबाहेरच्यांनी घ्यावेत आणि घरातल्या बाईला तेवढी झोप द्यावी.